माइक चालू होता

पिंपरी,
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सलोनी,
सप्रेम सलाम.

तू मला ब्लॉक केलंस. फोन लागत नाही, मेसेजला एकच टिक येते, म्हणून कागद घेतला. तू तळेगावला तुझ्या पद्मामावशीकडे आहेस हे मेकअपवाल्या दीक्षाने सांगितलं. ती तिथलीच. म्हणाली, "पत्र दे, पोचवते. वाचेल की फाडेल ते मी बघणार नाही." फाडायचं तर निदान वाचून फाड.

शुक्रवारी स्टुडिओत काय झालं ते तुला मुकुंदसरांकडून कळलंय. आता माझ्याकडून ऐक. सिरियलमधली तुझी वैदेही हॉस्पिटलच्या कागदावर सही करते त्या सीनचं डबिंग होतं. "हे मूल मला नको. सही कुठे करायची ते सांगा." पडद्यावर तू, आवाज माझा. तुझा आवाज सिरियलला घोगरा पडतो म्हणून सरांनी मला घेतलं, तेव्हापासून तुझ्या तोंडून मीच बोलते.

टेकच्या आधी मी प्रार्थना करते हे तू कितीदा पाहिलंयस. कधीकधी शेजारी उभी राहून आमेनही म्हणालीयस. आमच्या घरात मनातल्या मनात मागायची सवय नाही. मोठ्याने, नाव घेऊन, काय हवं ते स्पष्ट सांगायचं. इतकी वर्षं बूथमध्ये काढली, माइक उघडा असला की लाल दिवा लागतो हे मला कळत नाही का? पण डोळे मिटलेले होते. रेकॉर्डिंगवाल्या विक्कीने आवाजाची लेव्हल घ्यायला माइक उघडला होता आणि सर नेमके त्याच्या शेजारी येऊन बसले होते. "देवबापा, सलोनीच्या पोटातलं बाळ तुझ्या हाती आहे, ते राख, तिला ते पाडू देऊ नकोस." सगळं स्पीकरवर गेलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर काचेपलीकडे सर उभे.

चऱ्होलीच्या त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये शूटच्या दिवशी तू उलटी केलीस. नळाला पाणी नव्हतं, माझ्या बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलंस आणि म्हणालीस, "कुणाला बोलू नकोस, मी अजून काही ठरवलं नाही." मी कुणाला बोलले नाही गं. देवाला बोलले. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

विक्कीने तो तुकडा माझ्यासमोर पुसून टाकला. सरांच्या कानातलं कसं पुसणार. वैदेहीचं वाक्य मात्र मी त्या दिवशी म्हटलं नाही. म्हणवलंच नाही.

ओजसला अजून सांगितलं नसशील तर सांग. भला माणूस आहे. नवऱ्याला कळलं की तुझं ओझं निम्मं होईल.

तुझी,
सुवार्ता


तळेगाव दाभाडे,
७ नोव्हेंबर

सुवार्ता,

वाचलं. फाडलं नाही, एवढंच.

ओजसला सांग म्हणतेस. ओजसला कळलंय. सरांनी त्याला फोन करून अभिनंदन केलं. तो चाकणला कंपनीत होता, मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून वर्कशॉपच्या बाहेर येऊन त्याने ती बातमी ऐकली. बायकोला दिवस गेलेत हे नवऱ्याला प्रोड्यूसरकडून कळतं. घरी आला तो आधी रडला, मग हसला, मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी सासूबाई पेढे घेऊन हजर. सोसायटीत वाटूनसुद्धा झाले. लोक तिसरा महिना होईपर्यंत शेजारणीलाही सांगत नाहीत, आणि आमच्याकडे वॉचमनचं तोंड गोड झालंय. मी बॅग भरली आणि इकडे आले.

आणि सर. आवाज काय गोड झाला होता त्यांचा. "सलोनी, मनापासून अभिनंदन. आता सांग, जानेवारीत दुसऱ्या सीझनचं शूट, धावपळ, मारामाऱ्या, सगळं आहे. तू आहेस की नाहीस? असशील तर जे काय ते लवकर आटप." आटप म्हणे. भांडी आहेत का ती?

एकीकडे आटप म्हणणारा, दुसरीकडे पेढे वाटणारी, आणि मध्ये तू, देवाला परस्पर सांगून मोकळी. मला कुणी विचारलंच नाही. मी ठरवलं नाही असं तुला म्हटलं होतं. तू मागितलंस काय, तर तिला पाडू देऊ नकोस. तिला काय हवंय ते तिला कळू दे, असं मागता आलं नसतं?

दोन वर्षं मी बिल्डरच्या जाहिरातीत किल्ली हातात धरून हसले. चऱ्होलीत स्वप्नातलं घर. त्यानंतर कुठे ही वैदेही मिळाली. मोबाइलवरची दोन-दोन मिनिटांची सिरियल असेना, रिक्षात बसलं की लोक ओळखतात. तुझ्या देवाला माझ्या कामाचं काही देणंघेणं आहे का?

उत्तर लिहू नकोस.

सलोनी

ता. क. डोळे उघडे ठेवून प्रार्थना करता येत नाही का तुमच्यात?


पिंपरी,
१० नोव्हेंबर

प्रिय सलोनी,
सलाम.

उत्तर लिहू नकोस म्हणालीस आणि खाली प्रश्न विचारलास. करता येते. आता तशीच करते. इंदुआत्या विचारत होती, समोर भिंतीवर काय बघतेस म्हणून.

पेढ्यांचं वाचून हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ओजसला कळलेलं मला ठाऊक नव्हतं. त्याला सांग म्हणून मी जखमेवर मीठच चोळलं. आणि तू म्हणतेस तेही खरं, मी तुझं अर्धंच ऐकलं. दिवस गेलेत हे ऐकलं, ठरवलं नाही हे सोडून दिलं. चूक माझी आहे, पदरात घेते.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली तर हे पत्रच खोटं होईल. माझा विश्वास आहे की ते बाळ आत्ता आहे. पुढे कधीतरी होणार आहे असं नव्हे, आहे. तुझ्याइतकंच आहे. तू म्हणशील हे चर्चने शिकवलंय. शिकवलंच. पण शिकवलेल्या किती गोष्टी मी मोठी झाल्यावर सोडून दिल्या, ही सोडवत नाही. तुला राग येईल म्हणून मी गुळमुळीत बोलले तर माझी मैत्री काय कामाची.

वैदेहीच्या सोनोग्राफीच्या सीनला विक्कीने बाळाच्या ठोक्यांचा आवाज कसा बनवला होता आठवतं? भोसरीच्या कुठल्याशा वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर रेकॉर्ड करून तो हळू केला. तू पोट धरून हसलीस. तेव्हा तुला माहीत होतं का गं? मी शेजारी उभी राहून हसत होते आणि मला काही दिसलं नाही. याचं फार वाईट वाटतं.

कामाचं विचारलंस. देवाच्या वतीने मी कशी बोलू, माझ्या वतीने सांगते. मला देणंघेणं आहे. तुझा चेहरा नसता तर माझा आवाज कंपन्यांच्या सेफ्टी फिल्ममध्ये "हेल्मेट घाला" म्हणत बसला असता. तुझी वैदेही हातची जाऊ नये असं मलाही वाटतं. दोन्ही राहावं असं वाटतं. ते कसं जमायचं ते मला कळत नाही.

इकडे माझं नेहमीचंच चाललंय. मावशीकडे नीट जेवतेस ना?

सुवार्ता


तळेगाव,
१२ नोव्हेंबर

सुवार्ता,

जेवते. मावशीने मुळ्याची भाजी केली, वासाने मी नाक दाबलं, तिने ताट उचललं आणि मुगाची खिचडी टाकली. काय झालंय म्हणून विचारलं नाही. जगात अशीही माणसं आहेत.

ओजस रविवारी येऊन गेला. गेटपाशीच उभा होता. "घरी चल," म्हणाला. मी म्हटलं, "कुणाला न्यायला आलायस, मला की त्याला?" मावशीने दिलेला चहा प्यायला आणि गेला. वाईट नाही गं तो. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं.

बुधवारची, एकोणीस तारखेची वेळ घेतलीय. चिंचवडला, हॉस्पिटलात. सही माझी एकटीचीच लागते, नवऱ्याची लागत नाही, विचारून घेतलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगतेय म्हणजे माझं डोकं फिरलं असणार.

आता कामाचं. सरांचा फोन आला. तू ते वाक्य बोलत नाहीस म्हणून एपिसोड अडकलाय, ॲपवाले त्यांच्या डोक्यावर बसलेत. "मैत्रिणीला समजाव, पुढच्या सीझनला दोघींनाही ठेवतो." तेवढ्यासाठी मी सांगत नाही. बरं, तेवढ्यासाठीही सांगते. पण खरं कारण वेगळं आहे. मला ते वाक्य ऐकायचंय. शूटला मी म्हटलं होतं, पण शूटचा आवाज पुढे टाकूनच देतात. माझ्या चेहऱ्यावर शेवटी राहतो तो तुझा. "हे मूल मला नको" हे माझ्यावर जीव असलेल्या माणसाच्या आवाजात एकदा ऐकलं की मला बुधवारी जाता येईल. सगळेच माझ्या विरुद्ध आहेत असं मग वाटणार नाही.

वाक्य वैदेहीचं आहे, तुझं नाही. मागच्या सिरियलमध्ये सुनेला विष घालणाऱ्या सासूचा आवाज तूच दिलास. तेव्हा तुझा देव आडवा आला नाही.

बोलशील?

सलोनी


पिंपरी,
१४ नोव्हेंबर

सलोनी,

नाही बोलणार.

आधी तेवढंच लिहिलं, कारण तू तेच शोधशील.

सासूचं बरोबर पकडलंस. विष घालताना मला मजाही आली होती. दोन दिवस त्यावर डोकं खाजवत होते. उत्तर सापडलं ते एवढंच, की ती सासू खोटी होती आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. हे वाक्य तू वैदेहीसाठी मागत नाहीस, स्वतःसाठी मागतेस. तसं तूच लिहिलंस. मी वैदेहीचं म्हणून बोलणार, तू तुझं म्हणून ऐकणार आणि त्याच्या जोरावर बुधवारी आत जाणार. यासाठी मी माझा आवाज देऊ शकत नाही. मग तू मला जन्मभर ब्लॉक ठेवलंस तरी चालेल. चालणार नाही खरं तर, पण सोसेन.

तारीख वाचल्यापासून मी नीट जेवलेले नाही. मला भीती वाटते सलोनी. बाळाची वाटते आणि तुझीही वाटते. आत्या विचारते, कसला उपास? मी पित्तावर ढकलते. शुक्रवारच्या उपासप्रार्थनेत बायका आपापल्या विनंत्या सांगतात. नाव न घेता सांगितलेलंही चालतं, "एका बहिणीसाठी" म्हणायचं. आज मी जिभेवर आलेलं गिळलं. या वेळी तुझं कुठेही बाहेर गेलेलं नाही.

दुसरं काहीही माग.

सुवार्ता


तळेगाव,
१५ नोव्हेंबर

सुवार्ता,

दीक्षाने आज सांगितलं. सरांनी तुला मागच्याच शनिवारी काढलं. काढलं ते काढलं, वर मलाच तुला समजवायला लावलं, आणि त्यातलं एक अक्षर मला सांगितलं नाही. त्यांचं मी बघते.

पण तू? काढून टाकल्यावर तू मला "नेहमीचंच चाललंय" लिहिलंस. मी ते वाक्य मागितलं तेव्हा "मला काढलंय, आता कुठून बोलू" एवढं लिहून सुटली असतीस. मी चिडलेही नसते. ते सोडून "नाही बोलणार" लिहिलंस आणि माझा राग ओढवून घेतलास. का?

म्हणजे तुला गुपित ठेवता येतं. निदान स्वतःचं.

दुसरं काहीही माग म्हणालीस. मागते. बुधवारी माझ्याबरोबर ये. दहाला चिंचवड स्टेशनला उतरते. आत मी एकटी जाईन, तू बाहेर बसायचं. समजवायचं नाही. रडायचं नाही. प्रार्थना मोठ्याने नाही, पुटपुटतसुद्धा नाही. आणि आत काय झालं ते नंतर विचारायचं नाही.

मला एकटीने जायची भीती वाटते. मावशीला सांगायचा धीर होत नाही. बाकी कुणीच नाही, आणि जी एक आहे ती तू. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

जमणार नसेल तर नाही म्हण. ते तुला जमतं हे पाहिलंय.

सलोनी


पिंपरी,
१७ नोव्हेंबर

प्रिय सलोनी,

आधी काढल्याचं. "मला काढलंय" हे खरं होतं, पण तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. तू विचारलं होतंस, माझ्यासाठी बोलशील का. सरांनी पाय धरून बोलावलं असतं तरी मी बोलले नसते. मग सरांच्या आड कशाला लपू?

आता बुधवार. काल चर्चच्या भक्तीत पाळकसाहेब काय बोलले ते मला विचारू नकोस, एक शब्द कानात शिरला नाही. ते वाक्य बोलायला नकार दिला आणि त्या दाराबाहेर जाऊन बसायला तयार झाले, तर मी कुठली विश्वासाची? वाक्य म्हटलं असतं तर तुला आत ढकलणारा हात माझा झाला असता. बाकावर बसले तर मी फक्त तुझ्याबरोबर असेन. हा फरक खरा आहे की मी माझ्या सोयीसाठी काढलाय, मला कळत नाही. आत्याला विचारलं असतं तर तिने दाराला बाहेरून कडी घातली असती. म्हणून विचारलं नाही.

येते. दहाला.

तुझ्या अटी मान्य. फक्त दोन गोष्टी आधीच सांगते, नंतर फसवलं म्हणशील. मनातलं मागणं मला थांबवता येणार नाही. ओठ मिटून ठेवीन, पण आत ते चालूच राहील. आणि मी तिथे बसले म्हणून मला पटलं असं समजू नकोस. मला पटलेलं नाही, तू आत जाईपर्यंत आणि बाहेर आल्यावरही पटणार नाही. मी तुझ्यासाठी येतेय.

स्वेटर घालून ये, सकाळी गाडीत गार लागतं.

सुवार्ता


पिंपरी,
२३ नोव्हेंबर

प्रिय सलोनी,
सलाम.

विचारायचं नाही असं ठरलंय, विचारत नाही. बाकीचं लिहिते.

विक्कीचा फोन होता. दोन मुलींचे आवाज घेऊन बघितले, तुझ्या ओठांवर एकीचाही बसला नाही. मला एका कंपनीच्या सेफ्टी फिल्मचं काम मिळालं. हेल्मेट घाला, यंत्र चालू असताना हात आत घालू नका. मी म्हटलं होतंच. हसलीस का?

बुधवारचं तुझ्यामाझ्यात जे घडलं तेवढं तरी लिहू दे. तू आत गेलीस. थोड्या वेळाने बाहेर येऊन माझ्याजवळ बसलीस. परत आत गेलीस, परत आलीस. मला वाटलं हॉस्पिटलात असंच असतं, तपासतात, बसवतात, पुन्हा बोलावतात. मला त्यातलं काही कळत नाही. मी बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते, कारण हात हातात धरले की प्रार्थना करतेय असं तुला वाटलं असतं. मग रिक्षा, मग स्टेशन. तू गाडीत चढलीस आणि मागे वळून बघितलं नाहीस. तुझ्या सगळ्या अटी मी पाळल्या होत्या, एकदा बघायला काय झालं होतं तुला? याचा मला राग आलाय. लिहून टाकला.

घरी आले तर आत्या म्हणाली, कुणाच्या मातीला जाऊन आलीस का, असा चेहरा झालाय. मी म्हटलं, माहीत नाही. खरोखरच माहीत नव्हतं.

दीक्षाबरोबर नाचणीचे लाडू पाठवतेय. कुणालाही चालतात.

सुवार्ता


तळेगाव,
२६ नोव्हेंबर

सुवार्ता,

कुणालाही चालतात म्हणे. लाडवातसुद्धा खोटं बोलता येत नाही तुला. निम्मे मावशीने संपवले.

ऐक. आत एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या, कोरड्या बोलण्याच्या. कागद पुढे ओढता ओढता म्हणाल्या, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, "हो. काढ म्हणून आहे आणि ठेव म्हणूनही आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरोबर कुणी आलंय?" मी म्हटलं, "एक मैत्रीण आहे. तिला हे अजिबात पटलेलं नाही, पण ती काही बोलणार नाही." त्या म्हणाल्या, "मग तिच्याजवळ जाऊन बसा जरा. घाई नाही. मग येऊन तुमचं तुम्ही सांगा."

म्हणून मी बाहेर आले. तू बाटलीचं झाकण फिरवत होतीस. तुला काय हवंय ते मला ठाऊक होतं, तू सतरा तारखेला स्वच्छ लिहिलं होतंस. तरी तू काही मागितलं नाहीस, माझ्याकडे केविलवाणं बघितलंसुद्धा नाहीस. तोंड घट्ट मिटून समोरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे बघत बसलीस. सर आणि सासूबाईंचे फोन सुरू झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या कानाला आराम मिळाला. त्या शांततेत मी स्वतःला विचारलं, बाई, तुला काय हवंय?

मला हवंय सुवार्ता. सरांना नको आहे म्हणून नव्हे, ओजसला हवंय म्हणून नव्हे. मला हवंय. आत जाऊन तेवढं सांगितलं. डॉक्टरबाईंनी नाव खोडलं आणि म्हणाल्या, "मग गोळ्या लिहून देते, त्या वेळेवर घ्या."

गाडीत चढताना मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तुला चेहऱ्यावर दिसलं असतं. ही बातमी पहिल्या वेळी माझ्या हातून कुणीतरी काढून घेतली. या वेळी थोडे दिवस मला ती माझ्या एकटीकडे ठेवायची होती. तुझे हाल झाले ते कळत होतं. होऊ दिले. तेवढं तू माझं देणं लागत होतीस.

सरांना मीच फोन केला, दुसऱ्या सीझनला मी नाही. ते "अरेरे" म्हणाले आणि लगेच दुसऱ्या मुलीचं नाव सांगून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर मी भरपूर रडले. वैदेही माझी होती. हे तू विसरू नकोस, मी हसत हसत काही सोडलेलं नाही.

ओजसला उद्या सांगणार आहे. तुला आधी सांगतेय. बघ केवढी जोखीम घेतेय.

आणि एक. तू म्हणशील ही प्रार्थनेची कमाई आहे. म्हण, मनात म्हण. पण रविवारी चर्चमध्ये देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला उभी राहू नकोस. नाव न घेता नाही, एका बहिणीची म्हणूनसुद्धा नाही. माझं बाळ कुणाच्या साक्षीचा पुरावा होणार नाही.

सलोनी


पिंपरी,
३० नोव्हेंबर, रविवार

प्रिय सलोनी,

पत्र मी जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई घाबरून पाणी घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, चक्कर आली. बघ, आता खोटंही जमायला लागलंय.

वैदेही गेली त्याचं मला खरंच दुःख आहे. ते आणि आनंद दोन्ही एकदम झालं, कुठलं कुठे ठेवू कळेना.

आज भक्तीच्या शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाची साक्ष आहे का?" माझे डोळे आधीच भरले होते. आत्याने पाहिलं आणि कोपराने ढोसलं, "ऊठ की." माझ्या पायांत उभं राहायचं बळ भरून आलं होतं गं. जन्मात एकदा अशी साक्ष मिळते, आणि सगळं चर्च हालेलूया म्हणायला टपलेलं. मी बाक धरला आणि बसून राहिले. आत्या घरी येईपर्यंत धुसफुसत होती, देवाचे उपकार लपवू नयेत म्हणून. मी म्हटलं, देवाला माहीत आहेत.

देणं फिटलं का ते तू ठरव.

सुवार्ता


चिंचवड,
८ जानेवारी २०२६

सुवार्ते,

घरी येऊन महिना होत आला. मी ओजसला सांगितलं तेव्हा तो आधी एवढंच म्हणाला, "तू बरी आहेस ना?" म्हणून आले. सासूबाईंनी पुन्हा पेढ्यांचं नाव काढलं तर या वेळी त्यानेच डोळे वटारले.

तुला आवडणार नाही ते आधी सांगते. राहिलेल्या एपिसोडना कुणाचा आवाज बसेना, तारखा पुढे पुढे गेल्या, शेवटी सरांनी मलाच डबिंगला बोलावलं. घोगरा तर घोगरा. काल गेले होते. ते वाक्य मी म्हटलं. वैदेहीला मूल नको होतं, ती तिची गोष्ट. नीट म्हटलं, पहिल्याच टेकला ओके झालं. तू तोंड वाकडं केलं असशील. कर.

त्याच्या आधी मात्र बूथमध्ये मी सवयीने थांबले. विक्की म्हणाला, "ताई, कशाची वाट बघताय?" तुझ्या आमेनची बघत होते.

आणि त्यानंतर मागे राहिलेला सोनोग्राफीचा सीन होता. विक्कीने तो भोसरीचा कॉम्प्रेसर लावला. तेवढ्यात आतून काहीतरी हललं. आधी वाटलं पोटात गुरगुरतंय. मग पुन्हा हललं. मी हसायला लागले, मला थांबताच येईना, डायलॉग राहिला बाजूला. डोळे उघडले तर लाल दिवा चालू. सगळं रेकॉर्ड झालं होतं. सर बाहेर चहा पीत होते. विक्कीने काचेतून विचारलं, "ठेवू की पुसू?"

मी ठेव म्हटलं. तुला ऐकवायचंय. त्यासाठी तुला अनब्लॉक करावं लागेल, ते करते.

शनिवारी घरी ये. पोटावर हात ठेवून प्रार्थना कर. नाव घेऊन कर, मोठ्याने कर, सोसायटीला ऐकू गेली तरी चालेल. मागायचं काय ते मात्र आधी मला विचार.

सलोनी